ओल्या चड्डीचा इतिहास



आजचा विषय वाचून कुणाला हसू येईल, कुणी नाक मुरडेल. मुरडू द्या. जिने उभी हयात प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांवर काढली, तिला या विषयाची लाज वाटेनाशी होते. रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांबद्दल आपल्याकडे निदान बोललं तरी जातं. आज्या-पणज्या तीळगूळ खायला घालत, "मोठा झाला की थांबेल" म्हणत. पण दिवसा, चांगलं जागं असताना, खेळता खेळता चड्डी ओली करणारं मूल दिसलं की आपली दया आटते. "झोपेत झालं तर समजू शकतो, जागेपणी कसं कळत नाही?" हा प्रश्न नसतो, आरोप असतो.

गेल्या महिन्यात आमच्या नात्यातल्या अशाच एका सहा वर्षांच्या मुलीवरून फोनाफोनी झाली. एकीने निदान केलं, "आळस." दुसऱ्याने केलं, "टीव्हीपुढून उठायला नको." तिसरी म्हणाली, "धाकटा भाऊ झाला ना, त्याचा मत्सर." भाचा बालरोगतज्ज्ञ आहे, त्याने मात्र एवढंच विचारलं, "तिला शी रोज होते का? कशी होते?" सगळे गप्प! शूचा प्रश्न आणि हा शीबद्दल काय विचारतोय?

त्या एका प्रश्नापर्यंत पोचायला वैद्यकशास्त्राला किती काळ लागला, हे मी नंतर भाच्याकडून समजून घेतलं, थोडं वाचलं. हा इतिहास मला फार बोलका वाटला, म्हणून तुमच्यासाठी लिहिते आहे.

सुरुवात फार जुनी आहे. इजिप्तमध्ये एबर्स पपायरस नावाची वैद्यकाची गुंडाळी सापडली, ती इ.स.पूर्व १५५० च्या सुमाराची. तिच्यातही मुलांची लघवी न थांबण्यावर उपाय दिलेला आहे. आपल्याकडे शार्ङ्गधर संहितेत बालरोगांच्या यादीत 'शय्यामूत्र' येतं. इटलीतल्या पादुआ इथे १४७२ मध्ये पाओलो बागेलार्दो याचं मुलांच्या आजारांवरचं पुस्तक छापलं गेलं. बालरोगांवरचं हे पहिलं छापील पुस्तक मानतात, आणि त्यातही हा विषय आहे. इंग्लंडात टॉमस फेअर याने १५४४ च्या सुमारास सामान्य लोकांसाठी इंग्रजीत मुलांच्या आजारांचं पुस्तक लिहिलं. अंथरुणात लघवी करणाऱ्या मुलांसाठी त्याने कोंबड्याच्या श्वासनलिकेची पूड सांगितली आहे आणि साळूसारख्या काटेरी हेजहॉगच्या वृषणांचीही. आपला तीळगूळ किती सौम्य, नाही का?

हे सगळं वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. भर सगळा औषधांवर आहे, कारणांचा शोध फारसा नाही. मूत्राशय थंड पडलं, दुर्बळ झालं, एवढ्यावर काम भागे. आणि बोलणं चाले ते मुख्यतः रात्रीचं. दिवसाची ओली चड्डी रात्रीच्या ओल्या अंथरुणाच्या पोटात लपून राहिली. जोवर दोन गोष्टी वेगळ्या करून पाहत नाही, तोवर दोन्हींची कारणं सापडत नाहीत. वर्गात गणित न येणारी आणि फळा न दिसणारी अशी दोन मुलं एकाच बाकावर 'ढ' म्हणून बसवली तर जे होईल, तेच इथे झालं.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे नामवंत डॉक्टर आर्मां त्रूसो अशा मुलांना बेलाडोना देत. त्यांचं म्हणणं, मूत्राशय दुबळं नाही, ते अतिचिडखोर आहे, थोडं भरलं की आवळतं. बेलाडोना ही विषारी वनस्पती, तिच्यात अ‍ॅट्रोपिन असतं, आणि अ‍ॅट्रोपिनने मूत्राशयाचा स्नायू सैलावतो. गंमत म्हणजे आजही अशा मुलांपैकी काहींना ऑक्सिब्युटिनिनसारखी जी औषधं देतात, ती याच वाटेने काम करतात. तेव्हा त्रूसोंचा अंदाज बऱ्याच मुलांच्या बाबतीत बरोबर होता, पण सगळ्यांच्या नव्हे. त्याच शतकाच्या अखेरीकडे इटलीतल्या मोसो आणि पेल्लाकानी या संशोधकांनी मूत्राशयातला दाब मोजला, तेव्हा मनातल्या खळबळीनेही मूत्राशय आकुंचन पावतं असं त्यांना आढळलं. भीतीने शू होते हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक होतंच. आता ते यंत्रावर उमटलं.

मग १८९५ मध्ये रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले आणि डॉक्टरांना शरीराच्या आत डोकावता येऊ लागलं. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड फुक्स याने १९०९ मध्ये मांडलं की अंथरूण ओलं करणाऱ्या कित्येकांच्या कण्याच्या खालच्या मणक्यात जन्मजात फट असते, तेच कारण असावं. मज्जारज्जूतूनच मूत्राशयाच्या नसा निघतात, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. पुढे निरोगी माणसांचीही छायाचित्रं निघू लागली, तेव्हा कळलं की अशी बारीकशी फट ठणठणीत असलेल्या अनेकांमध्येही असते. म्हणजे सापडलेली गोष्ट खरी, पण ती कारण असेलच असं नाही. तरीही फुक्सच्या शोधातून एक चांगली सवय उरली. अशा मुलाची पाठ डॉक्टर आजही उघडून पाहतात. कंबरेखाली खोल खळगा, केसांचा झुबका किंवा गाठ असेल, पायात अशक्तपणा असेल, चाल बदलली असेल, तर मज्जारज्जूची तपासणी करतातच. अशी मुलं थोडी असतात, पण त्यांना चुकवून चालत नाही.

कण्यानंतर पाळी आली मनाची. फ्रॉइडच्या काळानंतर मुलांच्या प्रत्येक वागण्यात दडलेला अर्थ शोधायची पद्धत पडली. ओली चड्डी म्हणजे राग, मत्सर, आईबद्दलची तक्रार. यातून मुलाला कोवळेपणाने समजून घेण्याची वाट उघडली हे खरं, पण दोष मुलावरून उठून आईच्या डोक्यावर जाऊन बसला. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये आपल्या दवाखान्यातल्या १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि सांगितलं की शी-शूची सवय मूल तयार झालं की लावा, घाई करू नका. त्यांच्या मुलांना दिवसाचा ताबा सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांच्या वयाला आला. आपल्याकडे आई बाळाला सहा महिन्यांपासून पायांवर बसवून 'शू' असा आवाज काढते. दोन्हीकडची मुलं शेवटी शिकतातच!

आणि हे सगळं शास्त्र चालू असताना शाळांमधून काय चालत होतं? छडी. जॉर्ज ऑर्वेल, 'अ‍ॅनिमल फार्म'चा लेखक, जन्म १९०३ चा आणि तोही आपल्या बिहारमधल्या मोतिहारीचा. आठ वर्षांचा असताना त्याला इंग्लंडातल्या निवासी शाळेत घातलं, तिथे तो अंथरूण ओलं करू लागला, आणि त्यासाठी त्याने मार खाल्ला. त्याच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये छापल्या गेलेल्या एका निबंधात त्याने हे लिहून ठेवलं आहे. जे आपल्या हातात नाही, तोही आपलाच गुन्हा, असं त्या मुलाच्या मनावर बिंबलं. एवढा मोठा लेखक, साऱ्या जगाच्या अन्यायावर लिहून गेला, आणि ती ओली चादर विसरू शकला नाही. ऑर्वेलची गोष्ट रात्रीची. दिवसा तर सारा वर्ग बघत असतो. 'मुतऱ्या' हे नाव एकदा चिकटलं की दहावीपर्यंत पुसलं जात नाही, हे मी पाहिलं आहे.

मनाच्या जोडीला नळकामही चालू होतं. बाल्टिमोरच्या ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९ मध्ये मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः असणाऱ्या पडद्यांचं वर्णन केलं. या पडद्यांनी लघवी अडते, धार बारीक येते, मूत्रपिंडं खराब होतात. हा शोध फार मोलाचा होता. तसंच काही मुलींमध्ये मूत्रपिंडाची नळी मूत्राशयात न उघडता खाली भलत्याच जागी उघडते. अशी मुलगी वेळच्या वेळी नीट शू करते आणि तरीही तिची चड्डी सतत ओलसर असते, अगदी थेंब थेंब. वर्षानुवर्षं रागावून घेतलेल्या मुलीला शस्त्रक्रियेने कोरडं करता येतं. अशा वेळी मानसशास्त्राचा काय उपयोग?

पण खरं अडथळ्याचं दुखणं सापडलं म्हणून सगळीकडे अडथळेच दिसू लागले. १९६० च्या दशकात चड्डी ओली होणाऱ्या किंवा वरचेवर लघवीचा संसर्ग होणाऱ्या अनेक मुलींचा मूत्रमार्ग अरुंद आहे असं ठरवून तो भूल देऊन रुंद करत. क्ष-किरणाच्या चित्रात मूत्रमार्ग भोवऱ्यासारखा दिसे, वर फुगीर आणि खाली निमुळता. पुढे उमगलं की तो जन्मजात अरुंद नव्हता. मुलगी शू करता करताच खालचा स्नायू आवळत होती! चित्रात दिसत होता तो अडथळा नव्हे, सवय होती.

इथे या इतिहासाला वळण लागलं, आणि ते नव्या यंत्राने नाही, साध्या बघण्याने. १९६६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात व्हिन्सेंट नावाच्या डॉक्टरांनी एका बसण्याबद्दल लिहिलं. काही मुली खेळता खेळता एकदम थांबतात, खाली बसतात आणि एका पायाची टाच दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट दाबून धरतात. इंग्लंडात राणीपुढे बायका गुडघे वाकवून लवतात ना, तसं ते दिसतं, म्हणून त्याला 'व्हिन्सेंटची लवण' म्हणू या. शिक्षिका म्हणून मी हे बसणं शेकडो वेळा पाहिलं आहे. तुम्हीही पाहिलं असेल. मोठ्यांना वाटतं, शू लागली तर जायचं सोडून ही बसून काय राहते! खरी गोष्ट अशी की मूत्राशय अचानक, न सांगता आवळलेलं असतं, आणि ती चिमुकली टाचेने त्याला थोपवत असते. म्हणजे जिला आपण निष्काळजी म्हणतो, ती खरं तर जिवाच्या आकांताने लढत असते. हेच त्रूसोंचं चिडखोर मूत्राशय.

१९७३ मध्ये अमेरिकेतले फ्रँक हिनमन आणि बाउमन यांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. ना नसांचा दोष, ना कुठे अडथळा, तरीही काही मुलग्यांची मूत्राशयं आणि मूत्रपिंडाच्या नळ्या बिघडलेल्या. कारण? शू करण्याची पद्धतच बिघडलेली. एकीकडे मूत्राशय ढकलतं आणि दुसरीकडे दार बंद केलेलं. बैलगाडीचा एक बैल पुढे आणि एक मागे ओढतो, तसं. नुसती सवय मूत्रपिंडापर्यंत इजा करू शकते, हे तेव्हा धक्कादायक होतं. स्वीडनच्या फॉन गारेल्ट्स यांनी १९५६ मध्ये लघवीच्या धारेचा वेग मोजण्याची रीत आणली होती, ती इथे उपयोगी पडली. निरोगी धारेचा आलेख टेकडीसारखा चढतो आणि उतरतो. आवळणाऱ्या मुलाचा आलेख दातेरी येतो. आणि सवय शिकता येते तशी मोडताही येते. १९७९ पासून स्नायूंची हालचाल यंत्रावर मुलांना दाखवून सैल सोडायला शिकवू लागले. शेवटी हा शिकवण्याचाच प्रकार निघाला, याचा मला कोण आनंद!

आता भाच्याच्या त्या प्रश्नाकडे. मूत्राशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग शेजारी शेजारी असतात. आतडं कडक शीने फुगलं की मूत्राशयाला जागा उरत नाही, ते चिडतं, किंवा पूर्ण रिकामं होत नाही. कॅनडातल्या माँट्रियलचे डॉक्टर ओरेगन यांनी १९८० च्या दशकाच्या मध्याला हे जोरकसपणे मांडलं. मग १९९७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या डॉक्टर वेरा लोनिंग-बाउके यांनी जुनाट बद्धकोष्ठता असलेल्या २३४ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या २९ टक्के मुलांची दिवसा चड्डी ओली होत होती. ज्यांची बद्धकोष्ठता बरी झाली, त्यांच्यापैकी ८९ टक्के मुलांचा दिवसाचा त्रास थांबला. मूत्राशयाला हात न लावता! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच. शतकानुशतकं बंब रामेश्वरीच उभा होता. आणि मूल रोज संडासला जातं म्हणजे बद्धकोष्ठता नाही, असंही नसतं. खडे होणं, कुंथावं लागणं, चड्डीला डाग लागणं, या सगळ्या खुणाच.

या सगळ्या गुंत्याला शिस्त लावली ती मुलांच्या या तक्रारींवर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने, १९९८, २००६ आणि २०१४ मध्ये शब्दांच्या व्याख्या ठरवून. रात्रीचं वेगळं आणि दिवसाचं वेगळं, हा भेद पक्का झाला. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला या नावाने ओळखायचंच नाही, हेही ठरलं. आणि दिवसाच्या ओलेपणाचे प्रकार वेगळे झाले: मूत्राशय अचानक आवळणारं मूल, खेळाच्या नादात शू लांबवणारं मूल, शू करतानाच स्नायू आवळणारं मूल, दिवसातून दोन-तीनदाच जाणारं, ज्याचं मूत्राशय सुस्तावलं आहे असं मूल. काही मुलींना शू करून उठल्यावर दहा मिनिटांच्या आत थोडी लघवी गळते. मांड्या जुळवून बसल्याने ती आत साठलेली असते, पाय फाकवून नीट बसलं की प्रश्न मिटतो. काहींना फक्त हसताना होतं, मूत्राशय पूर्ण रिकामंच होतं. त्यावर ब्रिटनच्या मॅक कीथ यांनी १९५९ मध्येच लिहिलं होतं. वर्गात हास्याचा फवारा उडाला की एखादी मुलगी एकदम गंभीर का होते, हे मला त्यावरून कळलं.

आणि निदानाचं मुख्य हत्यार कोणतं? वही! दोन दिवस प्रत्येक वेळची शू मापाने मोजून लिहायची, आठवडाभर ओलं-कोरडं लिहायचं, शीची नोंद ठेवायची. मुलाचं वय अधिक एक, गुणिले तीस, एवढे मिलिलिटर त्याच्या मूत्राशयात साधारण मावावेत. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीचे २१०. दिवसातून चार ते सात वेळा जाणं साधारण बरोबर. सोबत लघवीची साधी तपासणी, पोट आणि पाठ बघणं, गरज पडली तर सोनोग्राफी. बहुतेक मुलांना याहून फार लागत नाही.

पण मंडळी, या इतिहासात एक कारण डॉक्टरांच्या खोलीत दिसत नाही, ते आमच्या शाळांमधून दिसतं. करंगळी वर करून उभं राहिलेलं मूल आणि "आत्ताच तर सुट्टी झाली, बस खाली" हे उत्तर. मी ज्या शाळांतून काम केलं, त्यातल्या एकीत मुलींच्या मुताऱ्यांना पाणी नव्हतं, दाराला कडी नव्हती. मुली सकाळी घरून निघाल्या की परत घरी जाईपर्यंत जात नसत, आणि जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नसत. शू धरून ठेवण्याची सवय कुठून लागते, याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात शोधावं लागलं नाही. पाणी कमी प्यायलं की शीही कडक होते, म्हणजे दोन्ही कारणं आम्हीच तयार करून देत होतो. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं बंधनकारक केली, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्यासाठी मुदत घालून दिली. पण कागदावर स्वच्छतागृह असणं आणि सहा वर्षांच्या मुलीला तिथे जावंसं वाटणं यात अंतर आहे. माझ्या वर्गात करंगळी वर झाली की जाऊ द्यायचं, हा नियम होता. खोट्या करंगळ्याही पुष्कळ असत. चालायचंच. खरी कोणती आणि खोटी कोणती, हे बाईंना बाहेरून कसं दिसणार?

नात्यातल्या आयांसाठी थोडं. मूल दोन-अडीच तासांनी, लागली असो वा नसो, जाईल असं बघा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या, विशेषतः परदेशात उंच कमोडवर बसणाऱ्या नातवंडांना. पाणी सकाळपासून वाटून द्या. पालेभाजी, फळं आणि भाकरी यांना पर्याय नाही. पण कोरडं असलेलं मूल एकाएकी ओलं होऊ लागलं, फार तहान लागते आहे, वजन उतरतं आहे, जळजळ आहे, ताप आहे, धार बारीक आहे, किंवा सतत थेंब गळत आहेत, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. तहान आणि लघवी एकदम वाढणं हा मधुमेह असू शकतो, आणि तो लहान मुलांनाही होतो. आणि एकाएकी सुरू झालेल्या ओलेपणामागे एखादी भीती, एखादं माणूसही असू शकतं. विचारा, पण दरडावून नको.

बाकी वही आजच आणा. किती वाजता गेली, किती झाली, चड्डी ओली की कोरडी, शी कशी झाली, एवढे चार रकाने आखा. चूक कुणाची, हा पाचवा रकाना मात्र आखू नका.